शेष त्वचा, एनएडी

माझ्या केसपेपरवर माणसाच्या शरीराच्या दोन रेखाकृती छापलेल्या आहेत, एक समोरून आणि एक पाठीकडून. सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्याला मला बावीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात पाठीकडच्या आकृतीवर मी पेन टेकवले असेल तर ते बहुतेक वेळा गजकर्णासाठीच. गेल्या वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी एका रुग्णाच्या सुनेने त्या कोऱ्या राहिलेल्या आकृतीवरून मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मी तेव्हा दिले, पण ते मला स्वतःलाच पटलेले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आमचा दिवस कसा जातो हे बाहेरच्या माणसाला सांगायचे तर एवढेच पुरे की संध्याकाळच्या साठ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक गजकर्णाचे असतात आणि त्यांतले बहुतेक जण दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम चार-सहा महिने चोळून आलेले असतात. एका रुग्णाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येतात. जिथे खाजते तिथे बघायचे, लिहायचे, समजावायचे आणि पुढच्याला हाक मारायची. उरलेल्या अंगाकडे बघण्याची सवय या रेट्यात कधी सुटली ते माझ्या ध्यानातही आले नाही.

रुग्ण म्हणजे विडी घरकुलात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एक विडी कामगार. मातृभाषा तेलुगू, मराठी कामापुरते. डाव्या टाचेवर काळा डाग दीड-दोन वर्षे होता. कुणीतरी तो कुरूप समजून दोनदा ब्लेडने खरवडला होता, आणि तिसऱ्यांदा तिथून रक्त थांबेना तेव्हा तुकडा तपासणीला गेला. निदान मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग. मुंबईला टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठीची खोली २.४ मिलिमीटर होती, आणि खोली २ मिलिमीटरच्या पुढे गेली की भोवतालची २ सेंटिमीटर निरोगी कातडीही काढावी लागते. टाच तर शरीराचा भार पेलणारी जागा. म्हणून तळव्याच्या खोलगट भागातली जाड कातडी रक्तवाहिनीसकट फिरवून टाचेवर बसवली होती आणि त्या खोलगट भागात उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावली होती. हे काम इतके देखणे झाले होते की मी ते दोन मिनिटे नुसते बघत राहिलो. जांघेतली पहिली लसिकाग्रंथी काढून तपासली होती, ती स्वच्छ निघाली. शेवटच्या कागदावर सूचना होती: पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून संपूर्ण त्वचेची तपासणी.

गावातल्या कोणत्या तज्ज्ञाकडून, हे त्या कागदावर नव्हते आणि असणारही नव्हते. तो शोध सुनेने घेतला. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेल्या शर्टाची टाके, काजे, बटणे, खिशाची ठेवण हे सारे बघून माल पुढे सोडायचा की परत पाठवायचा हे ठरवणे हे तिचे रोजचे काम. माझ्याकडे येण्याआधी ती सासूला घेऊन दोन दवाखाने फिरली होती आणि तिच्याजवळ एक छोटी वही होती. पहिल्या ठिकाणी स्वागतकक्षातल्या मुलीने "लेझर की फेशियल?" असे विचारले होते. दुसऱ्या ठिकाणी टेबलाच्या पलीकडूनच टाच पाहून पन्नास एसपीएफचे सनस्क्रीन लिहून दिले होते. हे ऐकून मला हसू आले आणि लाजही वाटली. गोऱ्या लोकांतल्या मेलॅनोमाचा उन्हाशी संबंध असतो हे खरे, पण आपल्याकडे हा कर्करोग मुळातच विरळा, आणि होतो तेव्हा तो बहुधा तळवा, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा हातच नाही. सोलापूरचे ऊन कितीही कडक असले तरी ते टाचेच्या खालून लागत नाही.

तिने मला पहिला प्रश्न केला तो असा: "डॉक्टर, असे पेशंट तुम्ही किती बघितलाव?" मी म्हणालो, सात. तिने वहीत आकडा लिहिला. आकडा लहान वाटू नये म्हणून मी लगेच डर्मोस्कोप काढला, हे मला आता स्पष्ट दिसते.

या उपकरणाचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दहापट मोठे दाखवणारे, हातात मावणारे भिंग, त्यात ध्रुवीकृत प्रकाश. सोनोग्राफीची जेली लावून ते कातडीवर टेकवले की वरवरची चकाकी जाते आणि आतला रंग कोणत्या मांडणीत आहे ते दिसू लागते. मी टाचेच्या शिवणीची कड अख्खी फिरून पाहिली. मांडीची कातडी तळव्यावर लावली की ती आपल्या लोकांत बऱ्याचदा काळवंडते, आणि ते काळवंडणे व रोगाचे परतणे यांत फरक करावा लागतो. माझ्यासमोरचे सगळे काळवंडणेच होते. मग टाचेपासून पोटरीवरून जांघेपर्यंत बोटांनी कातडी चाचपली, कारण हा रोग परततो तेव्हा व्रणापासून लसिकाग्रंथीपर्यंतच्या वाटेवर शेंगदाण्याएवढ्या, कधी त्याहून लहान गाठी रूपाने उगवू शकतो. गुडघ्यामागे आणि जांघेत अवधाण नव्हते. मी समाधानाने मान वर केली आणि लिहायला बसलो.

"डॉक्टर, दुसरा पाय?" सून म्हणाली.

माझ्या दवाखान्यात प्रत्येक जण चपला दाराबाहेर काढून येतो. दुसरा पाय माझ्यासमोर अनवाणीच होता, खुर्चीखाली. तो पाहिला पाहिजे हे मला माहीत होते, कारण एकदा मेलॅनोमा झालेल्या माणसाला दुसरा, नवा मेलॅनोमा होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो आणि पुढच्या तपासणीचा निम्मा हेतू तोच आहे. "बघतोच आहे," असे मी म्हणालो. ते खोटे होते. मी बघणार नव्हतो.

उजव्या तळव्यावर, बोटांच्या मागच्या फुगीर भागात, करड्या रंगाचा चार मिलिमीटरचा डाग होता. इथून पुढची दहा मिनिटे मात्र मी खरोखरच चांगला डॉक्टर होतो. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या चरी आणि उंचवटे असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा चरींतून ओळीने साचतो, तर मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर चढतो. जिथे हाच प्रकार अधिक आढळतो त्या जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा भेद घालून दिला आणि तो आपल्यालाही तितकाच उपयोगी आहे. अडचण एवढीच की जाड, भेगाळलेल्या तळव्यावर चर कोणती आणि उंचवटा कोणता हेच भिंगातून कळत नाही. त्यासाठी एक फार साधी युक्ती आहे. डागावर शाईचे पेन फिरवायचे आणि लगेच कागदाने पुसून घ्यायचे. वरची शाई निघून जाते, चरीतली राहते. मी निळ्या शाईने ते केले. भिंगात बारीक निळ्या रेषा दिसल्या आणि करडा रंग नेमका त्याच रेषांना धरून होता. दोन रेषांमधल्या रुंद पट्ट्यांवर घामाची छिद्रे मोत्यांच्या सरासारखी पांढरी उठून दिसत होती आणि तिथे रंगाचा लवलेश नव्हता. मी सुनेला भिंगातून बघायला सांगितले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टाक्याच्या ओळीतच आहे की." माझे विद्यार्थी याहून वाईट वर्णन करतात.

मिलिमीटरची पट्टी शेजारी धरून मी फोटो घेतला, समोरच्या आकृतीच्या उजव्या पायाशी ठिपका काढला, नखे पाहिली. पुढच्या वेळी येण्याआधी पायांना मेंदी लावू नका, नखांना रंग लावू नका, दर महिन्याला दोन्ही तळवे आरशात बघा, असे सांगितले. आणि शेवटची ओळ लिहिली. ती लिहिताना मी विचार करत नव्हतो, कारण ती ओळ मी रोज लिहितो: रेस्ट ऑफ स्किन, एनएडी.

सुनेने कागद हातात घेऊन दारापर्यंत जाईतो वाचला आणि ती परत आली.

"एनएडी म्हणजे काय, डॉक्टर?"

"तपासणीत वावगे काही आढळले नाही."

"पण तुम्ही पाठ बघितलावच नाही की."

तिचा स्वर भांडणाचा नव्हता. तिच्या कारखान्यात शर्ट उलटा करून आतली शिवण बघितल्याशिवाय त्यावर तिच्या नंबरची चिठ्ठी लागत नाही, आणि न बघता चिठ्ठी लावली तर पगार कापला जातो, एवढे तिने मला समजावले. आम्ही वसतिगृहात असताना एनएडीचा एक दुसरा अर्थ विनोदाने सांगत असू: नॉट अ‍ॅक्चुअली डन. तो विनोद मला त्या क्षणी आठवला आणि मी तो तिला सांगितला नाही.

मी जे उत्तर दिले ते असे की संध्याकाळी माझी महिला साहाय्यक नसते, आणि ती हजर असल्याशिवाय मी बाईंना कपडे उतरवायला सांगू शकत नाही. हे खरे होते. पण मग कागदावर "पाठ, पोट, मांड्या तपासल्या नाहीत" असे लिहायला हवे होते, "काही आढळले नाही" असे नव्हे. मी सकाळी या म्हणालो. सून सासूशी तेलुगूत बोलली. अत्तम्मा, अत्तम्मा एवढेच मला कळत होते. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली. त्या मला पाय दाखवतील, पाठ दाखवणार नाहीत, साहाय्यक असो वा नसो. "बाई डॉक्टर पाहिजे म्हणतात," सून म्हणाली.

कबूल करतो, मला राग आला. शहरात माझ्याहून अधिक मेलॅनोमा पाहिलेले त्वचारोगतज्ज्ञ एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसतील. ज्या तरुण महिला सहकाऱ्याकडे त्या अखेर गेल्या तिने आजवर एकच पाहिला आहे, तोही शिकताना. मी हे सुनेला सौजन्य राखून सुचवलेही. तिने वही उघडली आणि विचारले की त्या सातांपैकी किती जणांची पाठ बघितली होती. मला आठवेना. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला आणि आजही मला तिचा हिशेब चुकीचा ठरवता आलेला नाही. निदानाच्या दिवशी अनुभवी डोळा लागतो हे खरे. पण पुढची पाच-दहा वर्षे दर काही महिन्यांनी त्याच अंगावरून, केसांच्या भांगापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत, तोंडाच्या आतून, कानामागून, स्तनांखालून, न कंटाळता नजर फिरवणे हे निराळे काम आहे, आणि ते रुग्णाने अंग दाखवले तरच होते.

मी जुना कागद परत घेतला, ती ओळ खोडली, खरे काय ते लिहिले आणि सहकाऱ्याला चिठ्ठी दिली. तिच्याकडे डर्मोस्कोप नव्हता. हल्ली या शहरात दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरांना लेझरसाठी बँकेचे कर्ज मिळते आणि हप्ते फेडण्यासाठी चेहरे उजळावे लागतात. भिंग त्यांच्या यादीत शेवटी येते, आणि यात त्यांचा एकट्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही, कारण भिंगाने तपासण्याचे वेगळे पैसे द्यायला रुग्णही तयार नसतो. शेवटी असे ठरले की त्यांच्या तपासणीच्या दिवशी माझे भिंग तिच्याकडे जाईल.

जूनच्या अखेरीस भिंग तिकडे गेले. दुपारी तिने दोन फोटो पाठवले. पहिला उजव्या तळव्याचा: पट्टीशेजारी तोच चार मिलिमीटरचा डाग, चरींतला रंग जागच्या जागी. दुसऱ्यात पाठ होती. डाव्या खांद्याच्या हाडाखाली सहा मिलिमीटरचा उंचट तपकिरी तीळ. खाली लिहिले होते: "सर, भिंगातून साधा वाटतो, नोंद करून ठेवते. पण हा नवा की जुना? तुमच्या नकाशात नाही."

मी उत्तर पाठवले की मला माहीत नाही, मी पाठ पाहिली नव्हती. तासाभराने तिचा पुन्हा निरोप आला. तिने अम्मांना विचारले होते. तीळ धाकट्या मुलाच्या जन्माआधीपासून तिथेच आहे.