डायनिंग रूमच्या कार्पेटला मरून बॉर्डर: माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर जुनं, आणि डायनिंग रूममधलं आधीच्या मालकाचं कार्पेट इतकं कळकट झालेलं की ते काढायचंच होतं. मी म्हटलं नुसतं बेज नको, भिंतीपासून थोडं आत चारी बाजूंनी मरून बॉर्डर करूया. नवऱ्याचं हार्डवूडचं तुणतुणं चालू होतं पण सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांना गार जमीन अजिबात चालत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. सॅम्पल बघून त्या म्हणाल्या, अगं हे तर इरकलीसारखं दिसेल. झालं, शिक्कामोर्तब!

दुकानातल्या माणसाने रंगच रंग दाखवले, पण कामाचं सांगितलं ते इन्स्टॉलरने, तेही तो माप घ्यायला घरी आला तेव्हा. दोन्ही कार्पेटची लव एकाच उंचीची हवी आणि मागची बाजूही सारख्या जाडीची हवी, नाहीतर सीमवर, म्हणजे दोन कार्पेट जोडतात त्या रेषेवर, पायाला पायरी लागते आणि जोड लांबूनही दिसतो. आम्ही एकाच कंपनीचं एकाच प्रकारचं घेतलं, बेज नवीन आणि मरून रेमनंटमधून, म्हणजे रोल संपत आला की उरतो तो तुकडा, बराच स्वस्त पडतो.

मग त्याने खोलीचे कर्ण मोजले. सारखे आले नाहीत. खोली साधारण 11 बाय 13 फूट, पण एका टोकाला रुंदी दुसऱ्या टोकापेक्षा दीड इंच कमी! इतकी वर्षं राहतोय, कधी लक्षातही आलं नव्हतं. प्लेन कार्पेटमध्ये हे कुणाला कळत नाही, भिंतीपाशी कापलं की संपलं, पण सरळ बॉर्डर आली की वाकडी भिंत लगेच उघडी पडते. मला बॉर्डर भिंतीपासून तीनच इंच आत हवी होती. तो म्हणाला नऊ इंच ठेवा, कारण दीड इंचाचा फरक दोन बाजूंना वाटून तीनमध्ये पाऊण इंच कमी झालं तर डोळ्यात खुपतं, नऊमध्ये खपून जातं. पटलं. शिवाय नऊ इंचांवर ठेवल्याने खुर्च्यांचे पाय सीमवर येत नाहीत हेही टेबल मांडून बघितलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लवेची दिशा. बॉर्डरच्या चारही पट्ट्या रोलमधून एकाच दिशेत कापून काढायला वाटतं सोपं, पण मग खोलीत बसवताना त्यातल्या दोन आडव्या फिरवाव्या लागतात आणि कोपऱ्यात एक पट्टी गडद, एक फिकी दिसते, कार्पेट तेच असून. म्हणून लांब पट्ट्या रोलच्या लांबीत आणि आखूड पट्ट्या रुंदीत कापाव्या लागतात. इथे रोल 12 फूट रुंद येतो, त्यात आमचं भागलं पण वाया बरंच गेलं. तेवढं धरूनच घ्या.

कामाच्या दिवशी आधी भिंतीलगत टॅक स्ट्रिप, म्हणजे कार्पेट पकडून ठेवणाऱ्या पिनांच्या पट्ट्या, ठोकल्या, त्यांच्या पिना भिंतीकडे कललेल्या असतात, मग पॅड, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, अंथरून स्टेपल केलं. पॅड जाड म्हणजे मऊ असं मलाही वाटायचं, पण आमच्यासारख्या कार्पेटला 7/16 इंचापेक्षा जाड चालत नाही, खाली जास्त दबलं की सीमवर ताण येतो. मग बेज कार्पेटमधून बॉर्डरची जागा कापून मरून पट्ट्या बसवल्या, कोपरे 45 अंशात, कापलेल्या कडांना सीलर लावला म्हणजे धागे सुटत नाहीत. जोडाखाली सीम टेप, म्हणजे गरम केली की चिकटणारी पट्टी, आणि टेपवरून गरम इस्त्री हळूहळू सरकवत न्यायची, मागोमाग हाताने दाबत वर वजन ठेवायचं. इस्त्री फार तापली तर मागचं पॉलिप्रॉपिलीन वितळतं, त्यामुळे इथे घाई नाही. तो एका कोपऱ्यावर जेवढा वेळ बसला तेवढ्यात माझा कुकर होऊन चहाही झाला.

खरी कसोटी ताणताना. एरवी पॉवर स्ट्रेचरने, म्हणजे कार्पेट ताणायच्या अवजाराने, चांगलं खेचून बसवतात, इथे जास्त खेचलं की बॉर्डर धनुष्यासारखी वाकते. तो थोडं ताणायचा, मोजायची टेप घेऊन भिंतीपासून बॉर्डरचं अंतर फुटाफुटावर तपासायचा, परत ताणायचा. खिडकीच्या बाजूला मधेच 3/8 इंच फुगवटा आला, तर तेवढा भाग पिनांवरून सोडवून नी किकरने, म्हणजे गुडघ्याने ढकलायच्या त्या अवजाराने, पुन्हा बसवला.

लेबर प्लेन कार्पेटच्या जवळजवळ दुप्पट पडलं. ते काम बघितल्यावर मी घासाघीस केली नाही, नवऱ्याने केली, काही उपयोग झाला नाही.

आता पहिले काही दिवस व्हॅक्यूममध्ये भरपूर लव येते, घाबरू नका, नवीन कार्पेटला येतेच. सीमजवळ एखादा धागा वर आला तर मात्र ओढायचा नाही, कात्रीने लवेच्या उंचीला कापायचा.