नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं नसतं हो

आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, त्यामुळे घराघरातले जुने कागद बाहेर पडायला लागलेत. बिल्डरला मालकांच्या सह्या हव्यात आणि शेअर सर्टिफिकेटवर नावं कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची, म्हणजे जे आता नाहीतच. मग मुलगा छातीठोकपणे सांगतो, अहो नॉमिनी मीच आहे की! बरं, आहेस. पण सोसायटीने किंवा बँकेने कुणाशी व्यवहार करायचा तेवढं नॉमिनीवरून ठरतं, मालक कोण ते नाही. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. आता बहीण नाशिकला, भाऊ अमेरिकेत, दोघांचाही हिस्सा आहेच, आणि हक्कसोडपत्र करायचं तर भावाने एक तर यायचं नाहीतर तिकडून पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवायची.

"सगळं बायकोलाच जाणार, त्यात लिहायचं काय" असं म्हणणारे पण खूप. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. यातली आई लोकांच्या डोक्यातच नसते, आणि गंमत म्हणजे वडील या पहिल्या यादीत नाहीत.

मृत्युपत्राचा लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, हाताने लिहिलं तरी चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एकमेकांसमोर करून टाकायच्या. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे साक्षीदार घ्या, आणि प्लीज जरा तरुण घ्या, आमच्याकडे पंचाहत्तरीचे काका साक्षीला शाळासोबतीच घेऊन येतात. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण मी म्हणेन पुण्यातल्या हवेलीच्या कुठल्यातरी सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन करून टाका, कारण उद्या सोसायटीच्या कमिटीसमोर शिक्क्याचा कागद ठेवला की निम्मे प्रश्न तिथेच संपतात. वय जास्त असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडा.

काहीजण म्हणतात त्यापेक्षा फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकू, महाराष्ट्रात राहतं घर मुलांना द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (बाकीचे आकार वेगळे). स्वस्त आहे, मान्य. पण एकदा दिलं की दिलं, नंतर परत मागायचं म्हणजे कोर्टकचेरी. मृत्युपत्र हयात असेपर्यंत कितीही वेळा बदला, कुणाला विचारायला नको. मी तरी स्वतःचं राहतं घर असं कुणाला देणार नाही, अगदी पोटच्या मुलाला पण नाही.

आणि टॅक्सची भीती नको, आपल्याकडे इस्टेट ड्युटी, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर, 1985 मध्येच गेली.

खरी कटकट होते ती काय कुठे आहे ते न कळल्याने. एफडी, पीपीएफ, डिमॅट, एलआयसी, लॉकर, गावच्या जमिनीचा सातबारा, कुणाला दिलेले हातउसने, सगळं एका वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते घरात सांगा. बँक खात्याला नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी लावता येतात, तेही बघून घ्या. मोबाईलचा पिन पण कुणाला तरी माहीत हवा, कारण सगळे ओटीपी तिथेच येतात. आमच्याकडे त्यावरूनच गाडं अडलंय, बायको म्हणते पिन आत्ता सांग, मी म्हणतो वहीत लिहीन.