नाताळचा कागद

२७ डिसेंबर

रात्री सगळे झोपल्यावर पावत्यांची पिशवी घेऊन बसले. नाताळ होऊन दोन दिवस झालेत, खिडकीतला तारा अजून उतरवलेला नाही, आणि मी बेरीज करतेय. दर वर्षी ही बेरीज मी टाळते. सण वर्षातून एकदाच येतो, असं म्हणून पिशवी कपाटात ढकलून देते. यंदा टाळावीशी वाटली नाही. गेल्या आठवड्यात दुकानात कार्ड पुढे केलं तेव्हा धाकटीने विचारलं होतं, "आई, यात आता किती पैसे उरले?" नऊ वर्षांच्या मुलीला वाटतं की कार्डात पैसे असतात. तिला काय सांगावं ते तिथे उभ्या उभ्या सुचलं नाही. त्या कार्डात आमचे पैसे नव्हतेच, पुढच्या पाच-सहा महिन्यांचे पगार होते.

बेरजेत पहिली गोष्ट दिसली ती ही, की भेटवस्तूंचा खर्च निम्म्याहूनही कमी आहे. मी आजवर समजत होते की आपण भेटींवर वाहवत जातो. उरलेलं कुठे गेलं? कपडे. प्रवास, आणि सुट्टीच्या दिवसांत चढलेली त्याची भाडी. पाहुण्यांचं आलं-गेलं. खेळण्यांचे सेल, वेष्टनाचे कागद, ऐनवेळी आठवलेल्या माणसासाठी घाईत घेतलेली आणि म्हणूनच महाग पडलेली वस्तू. यातल्या एकाही गोष्टीचा विचार आम्ही आधी केला नव्हता. नाताळ २५ डिसेंबरला येणार हे मात्र आधीच्या २५ डिसेंबरलाही माहीत होतं.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. आत्ताच्या चालीने फेडलं तर शेवटचा हप्ता जूनमध्ये जाईल. धाकटीच्या नव्या गाडीचं एक चाक आज दुपारीच निखळलं.

बिलावर किमान देय रक्कम म्हणून जो छोटा आकडा असतो ना, त्याने दोन वर्षांपूर्वी आमचा घात केला होता. तेवढाच भरत राहिलं तर त्यातला मोठा भाग व्याजात जातो आणि मुद्दल जवळजवळ तसंच राहतं. आम्ही चार महिने तेवढंच भरलं आणि आपण फेडतोय असं समजत राहिलो. हे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा विसरणार नाही.

६ जानेवारी

ज्ञानी लोक पूर्वेकडून भेटी घेऊन बाळाकडे आले, त्याच्या आठवणीचा आजचा दिवस. घरातला गव्हाणीचा देखावा आज आवरला. आवरताना सगळे एकत्र होते, म्हणून विषय तेव्हाच काढला. मुलांसमोर.

नवऱ्याला ते आवडलं नाही. त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याच्या लहानपणी घरात पैशांची चणचण होती, पण मुलांना ती कधी कळू दिली नाही, याचा त्याला आजही अभिमान आहे. "पोरांना कशाला हे?" तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, पोरांच्या नावाने खर्च होतो, मग पोरांना आकडा माहीत असलेला बरा. आई (माझ्या सासूबाई) काही बोलल्या नाहीत, पण उठून गेल्याही नाहीत.

मी आकडा सांगितला. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढा?"

मग तोच कामाला लागला. चौदा वर्षांचा आहे, गणित त्याला आवडतं. कुठेतरी त्याने बावन्न आठवड्यांची युक्ती ऐकली होती: पहिल्या आठवड्यात १, दुसऱ्यात २, असं करत शेवटच्या आठवड्यात ५२. वर्षाची बेरीज १,३७८. यात मूळ माप आपण ठरवायचं, एक म्हणजे दहा धरा की शंभर. ऐकायला छान वाटलं. पण त्यानेच पुढे मांडून दाखवलं की शेवटच्या चार आठवड्यांचे मिळून २०२ होतात. म्हणजे वर्षाचा सातवा भाग एकट्या डिसेंबरात, जेव्हा हात सगळ्यात आखडलेला असतो. उलटं केलं, ५२ पासून सुरू करून खाली उतरलं, तर तोच भार जानेवारीत येतो, आणि जानेवारीत आम्हाला जुनी फेड आहे. युक्ती बाजूला ठेवली. पण तिने एक शिकवलं. किती साठवायचं याच्याइतकंच कुठल्या महिन्यात किती, हेही महत्त्वाचं आहे.

ठरलं ते असं. भागाकार बारानं करायचा नाही, अकरानं करायचा, कारण पैसे नोव्हेंबरअखेर हातात हवेत. नवऱ्याच्या पगारातून महिन्याला एक वाटा, पगार जमा होईल त्याच दिवशी, इतर कशालाही हात लावण्याआधी. माझ्या शिवणकामाचे पैसे आठवड्याला येतात, कधी येतातही नाहीत, म्हणून माझा वाटा लहान आणि आठवड्याचा. पैसे वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याला कार्ड घ्यायचं नाही.

तेव्हा आई बोलल्या. "खात्यातले पैसे दिसत नाहीत गं. आमच्या वेळी डबा होता. हलवला की कळायचं."

म्हणून धाकटीने मोठ्या कागदावर चौकोन आखले. पगाराचे ११ मोठे, शिवणकामाचे ४७ छोटे. पैसे खात्यात गेले की ती चौकोन रंगवणार. कागद कपाटाच्या दारावर लावलाय. आजचा पहिला छोटा चौकोन तिने लाल केला.

१९ मार्च

कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीचा आकडा ऐकून नवरा लगेच म्हणाला, "त्या खात्यात आहेत की!" आणि खरंच होते, जवळजवळ बरोबर तेवढेच.

मी नाही म्हटलं आणि दिवसभर स्वतःशीच वाद घालत राहिले. पैसा तो पैसा. त्याच्यावर नाताळ असं लिहिलेलं नसतं. घरात खात्यात पैसे असताना मशीनसाठी कार्डावर उधारी करायची, यात शहाणपणा कुठला?

रात्री यावर वाचत बसले. हा प्रश्न फार जुना निघाला. १९०९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावातल्या एका बँकेने खास नाताळसाठी बचत खातं सुरू केलं. लोकांनी वर्षभर आठवड्याला थोडं थोडं भरायचं आणि नाताळच्या तोंडावर सगळं एकदम घ्यायचं. ही पद्धत देशभर पसरली. त्या खात्यांवर व्याज नगण्य असे, कधी नसेच, आणि मधेच पैसे काढले तर भुर्दंड. हिशोबाने पाहिलं तर साध्या बचत खात्याहून हे वाईटच. तरी लोक पिढ्यानपिढ्या भरत राहिले. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्यांना २०१७ साली नोबेल मिळालं, नेमक्या याच खात्यांचा दाखला दिला आहे. त्यांचं म्हणणं असं की माणूस मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतो आणि स्वतःलाच आवर घालायला मुद्दाम अशा अडचणी निर्माण करतो. पैसे काढता येत नाहीत ही त्या खात्यातली खोट नव्हती, लोकांना हवं होतं ते तेच.

वाचून फार बरं वाटलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बाई अशीच बँकेच्या खिडकीशी दर आठवड्याला उभी राहत असेल.

शेवटी पैसे काढले, पण उसने म्हणून. धाकटीने रंगवलेल्या चार चौकोनांवर पेन्सिलीने फुली मारली. ते परत भरेपर्यंत फुली पुसायची नाही. मारताना तिचा चेहरा इतका गंभीर होता की नवरा बाहेर निघून गेला. दोन दिवसांनी त्याने स्वतःहून सांगितलं की महिनाभर तो संध्याकाळचा जादा वेळ काम करणार आहे.

२ मे

तीन फुल्या पुसल्या.

२२ जुलै

एका ओळखीच्या बाईंनी योजना आणलीय. महिन्याला त्यांच्याकडे पैसे द्यायचे, डिसेंबरात भेटींचा भरलेला खोका आणि खरेदीची कुपनं घरपोच. बाई भल्या आहेत, माझ्याकडेच कपडे शिवतात. नाही म्हणणं जड गेलं, पण मी म्हटलं.

कारण मार्चमध्ये वाचताना दुसरीही एक गोष्ट वाचनात आली होती, आणि ती मनातून गेलेली नाही. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची नाताळच्या बचतीची कंपनी होती. लोक वर्षभर थोडे थोडे पैसे भरत, गोळा करणारी व्यक्ती बहुतेक वेळा शेजारचीच किंवा नात्यातली असे, आणि डिसेंबरात बदल्यात खोके आणि व्हाउचर मिळत. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ दोन-अडीच महिन्यांवर असताना, कंपनी बुडाली. एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले. बहुतेक कमी मिळकतीची, काटकसरीने जगणारी माणसं, ज्यांनी उधारी टाळायची म्हणूनच आधी साठवलं होतं. बँकेतल्या ठेवीला जे संरक्षण असतं ते त्या पैशांना नव्हतं, आणि कंपनीकडून ज्यांचं येणं होतं त्यांच्या रांगेत ही माणसं अगदी मागे होती. कित्येक वर्षांनी त्यांना पैशांचा काही भाग तेवढा परत मिळाला.

मला त्या गोळा करणाऱ्या बायकांचं फार वाईट वाटतं. रस्त्यात शेजारणीच्या नजरेला नजर कशी दिली असेल?

बाईंना एवढंच विचारलं, की हे पैसे डिसेंबरपर्यंत कुणाच्या नावावर असतात? त्यांना माहीत नव्हतं. चौकशी करते म्हणाल्या. भिशीत निदान सगळी माणसं समोर बसलेली असतात आणि दर महिन्याला कुणाच्या तरी हातात रक्कम पडलेली दिसते. इथे वर्षभर नुसतं जात राहतं.

१४ सप्टेंबर

आज नणंदेला फोन केला. आठ दिवस मनात घोळत होता.

आम्ही मोठी माणसं नऊ. प्रत्येकाने प्रत्येकाला काहीतरी द्यायचं, असं कधीपासून चालत आलंय, कुणी ठरवलं कुणालाच आठवत नाही. नऊ गुणिले आठ, बहात्तर भेटी. त्यातल्या किती आठवतात? मला गेल्या वर्षीच्या दोन आठवल्या. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकाच माणसाला दिलं, तर नऊ भेटी. मुलांचं वेगळं, ते आहे तसंच.

भीती ही, की ते लोक म्हणतील, यांना झेपेना. नणंदेच्या घरची परिस्थिती आमच्याहून बरी आहे. मी बरंच आडवळणाने बोलत होते. ती मधेच म्हणाली, "वहिनी, थांब. चिठ्ठ्या टाकायच्या ना?" मग एक क्षण गप्प. मग म्हणाली, "मी दोन वर्षं हेच बोलायचं म्हणतेय. मला वाटायचं तुम्हाला वाईट वाटेल. गेल्या नाताळचे हप्ते माझे परवा संपले."

परवा. म्हणजे सप्टेंबर.

आम्ही दोघी एकमेकींना कमी पडू नये म्हणून, एकमेकींपासून लपवून कर्ज काढत होतो. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. किती वर्षं हे चाललं असेल? दादा-वहिनींच्या घरात काय चाललं असेल? त्यांना मी उद्याच फोन करणार आहे.

२९ नोव्हेंबर

कागद पुरा नाही झाला. मोठे अकराही रंगले. छोट्यांतले पाच कोरे राहिले. पावसाच्या दिवसांत दोन आठवडे हाती कामच नव्हतं, आजारपणात दोन गेले, आणि मार्चची एक फुली राहिलीच.

तूट कुठे घालायची यावर जेवणानंतर बसलो. यादी समोर होती. नवऱ्याने दान या ओळीवर बोट ठेवलं. वाईट हेतूने नव्हे, ती ओळ सगळ्यात सोपी म्हणून. कुणाला वचन दिलेलं नसतं, कुणी वाट पाहत नसतं. आई म्हणाल्या, "वाट पाहतात रे. आपल्याला माहीत नसतं एवढंच. ती ओळ खाली लिहिली तिथेच चुकलं, वर घ्या." धाकटीने यादी पुन्हा लिहिली, दान सगळ्यात वर.

रोषणाईच्या नव्या माळा कापल्या. नवऱ्याचा सदरा मी शिवणार, तो घ्यायचा नाही. थोरल्याने त्याला हव्या असलेल्या वस्तूची आजची किंमत आणि ऑगस्टमधली किंमत दोन्ही सांगितल्या. दोन्ही त्याने वहीत लिहून ठेवल्या होत्या. म्हणाला, "आई, हे ऑगस्टमध्येच घ्यायला हवं होतं. पुढच्या वर्षी मला सांगू दे." तो हट्ट करत नव्हता. घरातल्या खर्चात आपलंही म्हणणं असतं, हे गृहीत धरून बोलत होता. नवरा त्याच्याकडे बघत राहिला.

मुलांना आकडा सांगू नये असं त्याला जानेवारीत का वाटलं होतं ते मला कळतं. माझ्याही आईवडिलांनी कधी सांगितला नाही. पण मग मोठं होऊन आम्ही दोघं काय करत आलो? आकडा एकमेकांनाही न सांगता कार्ड पुढे करत आलो.

२४ डिसेंबर

खरेदी चार दिवसांपूर्वीच संपली. सगळी त्या खात्यातून. खात्यात थोडी चिल्लर उरली आहे, ती तशीच राहू देणार.

कालच्या बिलात फक्त नेहमीचा खर्च होता. मी ते तीनदा वाचलं.

आईंनी आज मला त्यांचा जुना डबा दाखवला. ट्रंकेत इतकी वर्षं होता, मला माहीत नव्हतं. झाकणाला चीर पाडलेली, कडा गंजलेल्या. धाकटीने तो हलवून पाहिला. आत एक नाणं होतं, आता न चालणारं. आई म्हणाल्या, ते कोणत्या वर्षीचं राहिलं आठवत नाही, पण ज्या वर्षी डबा फोडायची वेळ आली नाही, त्या वर्षीचं असेल.

नणंद आत्ताच आली. तिची चिठ्ठी कुणाच्या नावाची निघाली ते ती सांगत नाही, पण धाकटीला म्हणे कळलंय. अकरा वाजलेत, मध्यरात्रीच्या उपासनेला निघायचंय. थोरला खाली रिक्षा थांबवून उभा आहे, आणि आईंची शाल अजून सापडत नाहीये.