मुखपृष्ठावरचा लेख सापडत का नाही?

मुखपृष्ठावर ‘झोप का उडते?’ असं ठळक वाचून मासिकाचा अंक उचलावा, आणि अनुक्रमणिकेत बोट दोनदा वरून खाली फिरवलं तरी तो लेख सापडू नये. मग कधीतरी पान ५२ वर ‘मेंदूची रात्रपाळी’ असं नाव लावून तोच समोर येतो. ही ढिलाई वाटते खरी, पण मुखपृष्ठ ज्याने अंक अजून घेतलेला नाही त्याच्याशी बोलतं आणि अनुक्रमणिका घेतलेल्याशी. दोघींची भाषा वेगळी, तयार होण्याची वेळही वेगळी.

मुखपृष्ठाला मिळतात दोन-चार क्षण, तेही चार पावलांवरून. अंक एकमेकांवर सरकवून ठेवले असतील, तर डावीकडचा तिसरा हिस्साच काय तो दिसतो. म्हणून अंकाचं नाव वर आणि वजनदार ओळ डावीकडे. ओळी पाच-सहांच्या पुढे गेल्या की चित्राचा जीव गुदमरतो.

चित्रातल्या माणसाचं डोकं अंकाच्या नावावर चढवायची जुनी हौस आहे. रोमन अक्षरांत ती बरीचशी खपते, कारण त्या अक्षरांची ओळख वरच्या अर्ध्या भागात जास्त असते. देवनागरी अक्षरं शिरोरेखेला लटकलेली, आणि डोकं येतं खालून. ते आधी उकार गिळतं, ‘फुलोरा’चा ‘फलोरा’ करतं, मग अक्षराचं पोट. उरते नुसती रेघ आणि वरच्या मात्रा. हौस भागवायचीच असेल तर डोकं एखाद्या कान्यावर येऊ द्यावं. काना अर्धा झाकला तरी वाचता येतो. रफार-वेलांटीसाठी नावाच्या वर जागाही मोकळी हवी, नाहीतर कटिंगचं पातं तिथे पोचतं.

पात्याची गोष्ट चौकटीलाही लागू. ‘टाइम’ची लाल चौकट १९२७ पासूनची. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काढलेल्या खास अंकात ती काळी केली, तेवढ्यानेच अर्थ पोचला. पण अशी चौकट जाड असली तरच शोभते. कापताना कागद एक-दोन मिलिमीटर सरकतोच; जाड पट्टीत तो फरक लपतो, बारीक रेघेत एक बाजू गायब झालेली दिसते. रंग कडेपर्यंत न्यायचा तर तो कापाच्या बाहेर ३ मिलिमीटर तरी हवा. बारकोडभोवती मात्र कोरी जागा सोडावी, आणि तो लाल शाईत छापू नये: स्कॅनरच्या लाल उजेडात लाल रेघा पांढऱ्याच दिसतात.

अनुक्रमणिकेशिवायही चालतं म्हणा. ‘न्यूयॉर्कर’ १९२५ साली सुरू झालं, त्यात ती आली १९६९ मध्ये. ‘रीडर्स डायजेस्ट’ने उलट कितीतरी दशकं तिलाच मुखपृष्ठावर बसवलं होतं, १९९८ पर्यंत.

बाकीच्यांचा घोटाळा होतो तो क्रमामुळे. मुखपृष्ठ जाड कागदावर वेगळं छापतात, त्यावर लॅमिनेशन होतं, म्हणून ते बऱ्याचदा आधी छपाईला जातं. आतले लेख त्यानंतरही नावं बदलत असतात. शेवटच्या दिवशी पानभर जाहिरात येते आणि मागचं सगळं एकेक पान सरकतं. हाताने टाकलेले आकडे तिथेच राहतात. मुखपृष्ठावर गेलेल्या लेखापुढे अनुक्रमणिकेत मुखपृष्ठाचीच ओळ बारीक टाइपात द्यावी, निम्मी शोधाशोध वाचते. आकडा नावाच्या आधी, अगदी लगत ठेवावा. पार उजवीकडे नेऊन मध्ये ठिपक्यांची रांग लावली की डोळा वाटेतच ओळ चुकतो.

आकडे तपासायला दोघं लागतात. एकाने अनुक्रमणिकेतला आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफमधलं, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या प्रतीतलं, ते पान उघडून त्यावरचं नाव. प्रूफ कागदावरचंच हवं. पडद्यावर ५२ टाकून उघडलेलं पान छापील ५० निघू शकतं, कारण संगणकाने मुखपृष्ठाच्या दोन बाजूही मोजलेल्या असतात.