दाजीपूरच्या रानापासून बंधाऱ्यापर्यंत, गोटे उलटत

कोल्हापूरहून राधानगरीच्या रस्त्याला लागलं की रंकाळा मागे पडतो आणि दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो. गोट्यांखालचे किडे बघून ओढा किती धड आहे ते जोखायला निघालेल्यांनी वाटेत कुठंही पाण्यात उतरू नये. आधी गाठायचा तो दाजीपूरकडचा सगळ्यात वरचा ओढा, मग उतरत उतरत परत यायचं. खालचा गाळ आणि त्यातले जीव जाळीला चिकटून वर जायला नकोत. शिवाय धड ओढा आधी डोळ्यांत बसला, तरच खाली काय काय नाहीसं झालंय ते ओळखू येतं.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. पावसाळ्यात ओढ्याला लोंढे येतात, गोटेच घरंगळतात आणि त्यांच्यावरची वस्ती वाहून जाते. पाऊस उघडल्यावर काही आठवड्यांत ती पुन्हा बसते. मार्चनंतर बरेच ओढे तुटक डोहांवर येतात. मग किडे कमी दिसले तर ते रान तुटल्यामुळं की पाणी आटल्यामुळं, हे सांगता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. राधानगरी अभयारण्यात जाळी घालायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून पहिला ओढा हद्दीबाहेरच्या मालकी रानातला निवडला.

सामान थोडकंच: इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या चौकटीची, 30 सेंटिमीटर रुंदीची आणि अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी, पांढरा उथळ ट्रे, चिमटा, भिंग, तापमापी आणि 70 ते 80 टक्के अल्कोहोल भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या. मच्छरदाणीचं कापड शिवून जाळी करतात, पण त्याची छिद्रं मोठी. लहान पिल्लं निसटतात आणि नेमका गरीब ओढा आणखी गरीब दिसतो.

वरचा ओढा जेमतेम दोन मीटर रुंद. माथ्यावर जांभूळ, काठाला उंबर आणि वाळुंज, ऊन पाण्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडलेलं. सकाळी दहाला पाणी 19 अंश. जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून खळाळात धरायची, तिच्या वरच्या बाजूला उभं राहून पायानं गोटे ढवळायचे, आणि असं एकूण तीन मिनिटं, ओढ्याच्या वेगवेगळ्या जागी. डोहातला नमुना खळाळाच्या नमुन्याशी ताडून बघायचा नाही, कारण दोन्हीकडची वस्तीच निराळी.

जाळीआधी एक गोटा हातानं उचलावा. थाळीएवढा, खालून रिकामा. इथं तो सहज सुटून आला, कारण त्याच्याखाली वाळू-गाळ दाबून बसलेला नव्हता. उलटा केल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग गोट्याचाच रंग सरकायला लागतो. मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी, चपट्या डोक्याची पिल्लं खेकड्यासारखी आडवी सरपटत सावलीच्या बाजूला जातात. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, पायाला एकच नखी. पलीकडं स्टोनफ्लाय या तसल्याच दुसऱ्या किड्याचं पिल्लू: दोन शेपट्या, पायाला दोन नख्या, कल्ले काखेतल्या झुबक्यांसारखे. नाण्यासारखा गोल, गोट्याला चिकटलेला जीव म्हणजे एका भुंग्याची अळी. खोबणीत कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या अळीनं विणलेलं नखाएवढं जाळं, तोंड प्रवाहाकडे. पाचोळ्यात पानाचे दोन तुकडे कापून त्यांच्यामध्ये राहणारी दुसरी कॅडिसफ्लाय.

ट्रेमध्ये ठेवलेलं स्टोनफ्लायचं पिल्लू थोड्या वेळानं जोर काढायला लागतं, अंग वर-खाली, वर-खाली. ट्रेतलं पाणी थांबलेलं आणि तापत चाललेलं. कल्ल्यांवरून पाणी हलवून ते प्राणवायू मिळवायला धडपडत असतं. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. ओढ्यावरची सावली काढली की नेमकं हेच सगळ्या ओढ्याचं होतं. ट्रे सावलीत धरावा, काम झालं की जीव लगेच सोडावेत. ओळख पटवायला ठेवायचेच असतील तर थोडे. खेकडे आणि चतुरांची पिल्लं बाकीच्यांबरोबर जिवंत ठेवू नयेत, घरी पोहोचेपर्यंत निम्मा नमुना खाल्लेला असतो. बाटलीत ओढ्याचं पाणी जाऊन अल्कोहोल पातळ होतं, ते दुसऱ्या दिवशी बदलावं. नाहीतर अंगं मऊ पडून कल्ले आणि शेपट्या गळतात, आणि ओळख त्यांच्यावरच असते.

खाली उतरताना दुसरा ओढा लागला. इथं वरचा उतार जेसीबीनं सपाट केलेला. पूर्वी तिथं नाचणीची तुकडी आणि रान होतं, आता ताली पाडून उसाची तयारी. काढलेली माती ओढ्याच्या कडेलाच लोटलेली. पाणी मात्र नितळ, आणि फसगत इथंच होते. पावसात लाल होऊन वाहिलेला ओढा नोव्हेंबरात निवळतो, गाळ मात्र तळाशी राहतो. गोटा उचलायला गेलं तर निघेना. निम्म्याच्या वर मातीत रुतलेला. अशा वेळी दहा गोटे उपटून बघायचे: माती लागलेला भाग आणि मोकळा भाग यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते, आणि किती हिस्सा रुतलाय ते अंदाजानं लिहून ठेवता येतं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय राहतात ते गोट्याखालच्या पोकळीत. ती बुजली की पाणी कितीही स्वच्छ असो, राहायला जागाच उरत नाही. उरलेल्यांच्या कल्ल्यांवर माती बसते, कॅडिसफ्लायची जाळी गाळानं तुंबतात. पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर यातलं काहीही अहवालात येणार नाही.

राधानगरी तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर, बॉक्साइट काढतात, तिथल्या ओढ्यांना हाच त्रास जास्त बारीक मातीनं होतो. सच्छिद्र जांभा पावसाचं पाणी धरून हळूहळू सोडतो. वरचा थर खरवडला की पावसाळ्यात लोंढा वाढतो आणि हिवाळ्यात धार लवकर आटते.

आकेशिया आणि निलगिरीची लागवड नकाशावर हिरवीच दिसते, पण ओढ्यातल्या जिवांना ती पानं सहसा पचत नाहीत. चिवट असल्यामुळं ती कुजायलाही वेळ घेतात. हे तपासायचा सोपा उपाय आहे. वाळलेली पानं 5-5 ग्रॅम तोलून दोन पिशव्यांत भरायची, एक मोठ्या छिद्रांची, एक अर्ध्या मिलिमीटरची. दोन्ही दगडाला बांधून खळाळात चार आठवडे ठेवायच्या, मग धुऊन, वाळवून पुन्हा तोलायच्या. दोन्हींतली तफावत म्हणजे किडे-खेकड्यांनी खाल्लेला वाटा. आमच्या मते सह्याद्रीच्या ओढ्यात पानं फाडण्याचं बरंच काम खेकडे करतात. पहिल्या पावसात पोत्यांनी खेकडे धरताना आणि डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारताना ओढ्याचा हा कामकरीच जातो. ब्लीचिंग पावडरीनं तर माशांबरोबर सगळं मरतं, पार जळवांपर्यंत.

कौलव-हळदी या गावांच्या पट्ट्यात ओढा म्हणजे उसाच्या दोन फडांमधली चर. सावली नाही, गोट्यांवर हिरवं लांब शेवाळ. युरियाचा निचरा आणि भरपूर ऊन मिळाल्यावर दुसरं काय उगवणार. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी फिप्रोनिल नि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं मुळाशी देतात ते बहुधा जूनमध्ये, पहिल्या पावसावर. म्हणजे औषध आणि ते वाहून नेणारं पाणी एकाच पंधरवड्यात. मेफ्लायची पिल्लं इमिडाक्लोप्रिडला फार हळवी, लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशोबातही मरतात. जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी औषध टाळणं आणि ओढ्याकाठच्या दोन-तीन सऱ्यांना ते न देणं, एवढं शेतकऱ्याला आजही जमण्यासारखं आहे. काठाला पाच मीटरचा गवत-झाडांचा पट्टा सोडला तर गाळही अडतो. जमीन गुंठ्यांत मोजणाऱ्याला हे जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून निदान उभं उंबर-करंज तरी तोडू नये.

मोजणीसाठी बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) ही सापडलेल्या जिवांवरून ओढ्याला गुण देण्याची पद्धत सोयीची. मूळ ब्रिटनची, पण आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ती आधाराला घेतली आहे. जिवांच्या प्रत्येक कुळाला गुण, जितकं हळवं तितके जास्त: चपट्या मेफ्लायना आणि मोठ्या स्टोनफ्लायना 10, जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायला 5, लाल अळीला (डासासारख्या एका माशीची अळी) 2, गाळातल्या गांडूळवर्गीयांना 1. बेरजेला कुळांच्या संख्येनं भागलं की सरासरी मिळते, आणि दोन ओढे ताडायला बेरजेपेक्षा तीच बरी. बेरीज जास्त वेळ ढवळल्यानंही वाढते.

शेवटचा थांबा भोगावतीवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यानंतर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, वर पाणी तुंबून हिरवट. तळातल्या काळ्या गाळाची ओंजळ ट्रेमध्ये पसरली तर लाल अळ्या वळवळताना दिसतात. रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनमुळं त्या लाल, आणि म्हणूनच कमी प्राणवायूतही तग धरतात. गोगलगायी, शिंपले, गांडूळवर्गीय. स्टोनफ्लाय एकही नाही. पण बर्ग्यांच्या फटीतून जिथं पाणी उसळून पडत होतं, तिथल्या दगडी फरशीवर कॅडिसफ्लायची जाळी दाटीनं लागलेली होती, वरच्या रानातल्यासारखीच प्रवाहाकडे तोंड करून. आमची जाळी आणि बूट तिथंच धुतले. पुढच्या ओढ्यात उतरण्याआधी ते दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवायचे.