नदीपात्र बंद आहे

मंगळवार, रात्री

काल रात्री पुण्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं आणि सकाळी उठेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलेलाच होता, भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद. म्हणजे आता पाणी उतरेपर्यंत रोज कर्वे रोड. पाऊस मला चालतो, रेनकोट आहे, बॅगेला कव्हर आहे, ऑफिसात एक कोरडा ड्रेस ठेवलेला असतो. पण जुलैतल्या ओल्या सकाळी नऊ वाजता सायकलवर कर्वे रोड म्हणलं की पोटात गोळा येतो, खरंच.

माझा रोजचा रस्ता ठरलेला आहे. कर्वेनगरातून निघायचं, राजाराम पुलापाशी डी. पी. रोड धरायचा, सकाळी तिथली लग्नाची लॉन्स झोपलेली असतात त्यामुळे रस्ता मोकळा मिळतो (संध्याकाळी मुहूर्त असेल तर विचारू नका, दुतर्फा दोन-दोन लायनीत गाड्या), मग म्हात्रे पूल, तिथून रजपूत वीटभट्टीकडून खाली नदीपात्रात आणि डेक्कनला वर. पुढे जंगली महाराज रोड, शिवाजीनगरला ऑफिस. सात-साडेसात किलोमीटर होतात, मला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. नदीपात्रातला तुकडा दहा मिनिटांचासुद्धा नसेल पण तेवढ्यासाठी मी बाकीचा सगळा रस्ता सहन करते. पाण्याचा वास चांगला नसतो हे मान्य, पण बगळे असतात, एक खंड्या ठराविक तारेवर बसलेला असतो, आणि मुख्य म्हणजे तिथं मला माझ्याच चेनचा आवाज ऐकू येतो. कर्वे रोडवर तो ऐकू येत नाही.

नळ स्टॉपला तर वर मेट्रो, मेट्रोच्या खाली फ्लायओव्हर आणि त्याच्याही खाली आपण. लॉ कॉलेज रोडकडून येणारे, म्हात्रे पुलाकडे जाणारे, सरळ डेक्कनला जाणारे, सगळे त्या एका सिग्नलला. आज एका सिटी बसबरोबर, म्हणजे पीएमटीबरोबर (नाव बदललं तरी मी अजून पीएमटीच म्हणते) माझं गरवारे कॉलेजपर्यंत चाललं होतं, ती मला ओलांडून स्टॉपला लागायला माझ्या पुढ्यात डावीकडे शिरणार, मी थांबणार, मग तिच्या उजवीकडून बाहेर निघून पुढे जाणार, की दोन मिनिटांनी ती परत मागून येणार. ड्रायव्हरचीही चूक नाही, त्याला स्टॉप घ्यायचाय, मला जायचंय, आणि दोघांनाही डावी कडच दिलेली आहे.

सिग्नलला ते काका भेटले. कर्वे रोडनं जायची वेळ आली की ते हमखास भेटतात, कुठल्यातरी सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहेत, सकाळी ड्यूटी संपवून घरी जातात. काळी जुनी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, प्लास्टिकचा कागद गळ्याभोवती बांधलेला. मला वाटायचं त्यांना मी लक्षात नसेन, पण आज तेच म्हणाले, "ताई, एवढं कडेनं नका चालवू." म्हणलं मागून सारखे हॉर्न मारतात ना. तर म्हणाले, "मारू द्या की. हॉर्न मारतो त्यानं तुम्हाला बघितलंय. मारत नाही त्याला भ्यायचं."

सिग्नल सुटला आणि ते गेले. मी दिवसभर हेच वाक्य घेऊन बसले होते. नऊ वर्षं सायकल चालवतेय ऑफिसला, प्रत्येक हॉर्नला दचकून कडेला सरकत आलेय, आणि कडेला काय असतं तर डांबराचा थर चढवत गेल्यामुळे खड्ड्यात गेलेली चेंबरची झाकणं, साचलेलं पाणी, खडी, पार्क केलेल्या गाड्यांची दारं. संध्याकाळी येताना ठरवून कडेपासून हातभर आत चालवली. हॉर्न जास्त वाजले. पण गाड्या नीट वळसा घालून गेल्या, अंगाला घासून एकही गेली नाही.

बुधवार

धो धो पाऊस. सायकल नळ स्टॉपपर्यंत नेली आणि मेट्रोत घातली. सायकल आत नेऊ देतात ही फार चांगली गोष्ट आहे आणि ज्यांनी ठरवलं त्यांचे मनापासून आभार. एक शाळेतला मुलगा माझ्या चाकातून गळणारं पाणी बघत होता, म्हणाला, "काकू, तुमची गाडी रडतीये."

गुरुवार

आज पडले.

गरवारेच्या अलीकडे, पाऊस थांबला होता, रस्ता ओला. डाव्या हाताला गाड्या पार्क केलेल्या, मी काकांचं ऐकून बऱ्यापैकी अंतर ठेवून चालले होते पण मागून दोन रिक्षा एकदम आल्या म्हणून जरा कडेला सरकले आणि नेमकं एका पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. पूर्ण. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, हँडलचं टोक दाराच्या कडेला लागलं आणि मी डावीकडे, गाडीच्या बाजूला पडले. उजवीकडे पडले असते तर मागून रिक्षा होती. हे मी इथं लिहितेय आणि हाताला आत्ता घाम आलाय.

गाडीतून पंचविशीतली मुलगी उतरली, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. तिनंच मला उठवलं, पाण्याची बाटली दिली, गुडघ्यावर लावायला रुमाल दिला, आणि परत परत एकच म्हणत होती, "सॉरी काकू, तुम्ही दिसलाच नाहीत, खरंच दिसला नाहीत." मी तिच्यावर चिडले नाही. मला पटलं तिचं. दार उघडण्याआधी आरशात बघायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नसणार, आणि बघितलं असतं तरी ती गाडी शोधत होती, सायकल नाही.

ऑफिसला पोचले तर पार्किंगचं नवीन निघालेलं. सगळ्यांनी स्टिकर घ्यायचे. सिक्युरिटीच्या मुलानं फॉर्म पुढे केला, टू व्हीलर का फोर व्हीलर, आणि खाली आरसी नंबर. मी म्हणलं माझी सायकल आहे. त्यानं फॉर्म उलटा करून मागं बघितलं, मागं काही नव्हतं. बिचारा भला आहे, म्हणाला, "मॅडम, तुम्ही जनरेटरपाशी लावत जा, मी बघतो." म्हणजे उद्या तो बदलून गेला की सायकल कुठं लावायची ते परत नव्यानं.

दिसला नाहीत. फॉर्मवर नाही, आरशात नाही. जेवायच्या सुट्टीत गुडघ्याला बर्फ लावून बसले होते आणि मला एकदम बाबांचा बिल्ला आठवला.

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. नारायण पेठेतून खडकी, रोज सायकलनं, जाऊन-येऊन. ते सांगतात की भोंगा झाला की गेटातून सायकलीच सायकली बाहेर पडायच्या आणि वाकडेवाडीपर्यंत रस्ता नुसता सायकलींनी भरलेला असायचा, मोटारवाल्याला वाट काढत जावं लागायचं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. आणि त्या काळी सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा, पैसे भरून घ्यायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस पकडायचे. डबलसीट असेल तर हवा सोडून द्यायचे, बाबांची दोनदा सोडलीये, एकदा आई मागे बसलेली असताना. लहानपणी हे ऐकून मला त्या पोलिसांचा राग यायचा. आज वाटलं, दंड करायला का होईना, पण शहर तेव्हा सायकलवाल्याकडे बघत होतं. दिवा लाव म्हणत होतं, म्हणजे तू अंधारात दिसायला पाहिजेस असं त्याला वाटत होतं. चौकातल्या हवालदाराला सायकल मोजावी लागत होती कारण रस्त्यावर तीच जास्त होती.

मग लुना आली १९७२ ला, स्कूटरी आल्या, नंबर लावून मिळायच्या तरी लोकांनी घेतल्या, आणि घेणारच होते, कोथरूड-धायरीपर्यंत शहर पसरत गेलं, सगळ्यांना खडकी-नारायण पेठ एवढंच अंतर राहिलं नाही. मी कुणाला दोष देत नाही. २०१८ मध्ये पेपरात आलं होतं की शहरातल्या गाड्या माणसांपेक्षा जास्त झाल्या, ३६ लाखांच्या वर. मधल्या काळात आपल्यासाठी काही केलंच नाही असंही नाही. २००६ ला बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आली तेव्हा सातारा रोडला कडेनं सायकल ट्रॅक झाले. २०१७ ला अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, ८०० किलोमीटरपेक्षा जास्त जाळं कागदावर आहे. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या, मोबाईलनं कुलूप उघडायच्या, औंधात, युनिव्हर्सिटीत पोरं मजेत चालवायची, मलाही फार आनंद झाला होता, आणि दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रोडचं नवीन फुटपाथचं काम मला मनापासून आवडतं, झाडांखालून रुंद, म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा. पण ट्रॅक म्हणून जिथं जिथं पट्टी आखलीये तिथं माझा अनुभव असा की शंभर पावलं गेलं की आडवं काहीतरी येतं, डीपीचा बॉक्स, पाणीपुरीची गाडी, गाड्या शिरू नयेत म्हणून लावलेले खांब ज्यांच्यातून माझं हँडल जात नाही. मग उतरायचं, उचलायची, परत बसायचं. वॉचमन काका उतरणार आहेत का दर शंभर पावलांवर, बारा तासांची रात्रपाळी करून?

हे मला आज फार लागलं. सायकल म्हणलं की आता लोकांच्या डोळ्यासमोर रविवारी सकाळी सिंहगडला जाणारे हेल्मेटवाले येतात. ते चांगलंच करतायत, माझे मित्र आहेत त्यात. पण रोजचे सायकलवाले कोण आहेत ते सकाळी सहाला आणि रात्री अकराला बघा. पेपर टाकणारी मुलं, हॉटेलातून सुटलेले वेटर, बांधकामावरचे गवंडी, वॉचमन. त्यांच्याकडे पर्याय नाही आणि मागं लाल लाईटही नाही. मी चाळीस-पन्नास हजारांची सायकल घेतली नाही तरी माझ्यापाशी बसचे पैसे आहेत, मेट्रोचं कार्ड आहे, आज मी रिक्षानं घरी आले असते तर कुणी काही म्हणलं नसतं. काकांनी पडल्यावर काय केलं असतं?

(येताना आलेच सायकलवर. हँडल जरासं वाकडं झालंय, चाक सरळ पण हँडल उजवीकडे बघतंय, सवयीनं धरून आणली.)

शुक्रवार

सुट्टी टाकली. गुडघा सुजलाय. दुपारी खालच्या सायकलच्या दुकानातून मागचे दोन लाल लाईट आणले, रबरी पट्ट्याचे, सीटच्या दांड्याला नुसते ताणून लावायचे. एक माझा जुना झाला होता म्हणून. दुसरा बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलाय, काका भेटले तर द्यायला. घेतील का माहीत नाही, नावसुद्धा विचारलेलं नाही मी त्यांचं.

रविवार

पडल्याचं बाबांना सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वय, उगाच काळजी. जिन्यात पाय घसरला म्हणून सांगितलं आणि सलवारीच्या आत पट्टी. सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा खाली पार्किंगमध्ये माझ्या सायकलपाशी उभे. आधी वाटलं हवा बघतायत, ते दर रविवारी अंगठ्यानं दाबून हवा बघतात, पंपाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही.

खाली गेले. त्यांनी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरलं होतं आणि हँडल दोन्ही हातांनी धरून हळूहळू डावीकडे फिरवत होते. थोडं फिरवलं की मान मागे घेऊन, एक डोळा मिटून, हँडल आणि चाक काटकोनात आलं का बघायचे. परत थोडं. हात थरथरतात आता त्यांचे, पण गुडघ्यांची पकड हलत नव्हती. मी म्हणलं बाबा राहू द्या, मी दुकानात नेते. ते काही बोलले नाहीत. शेवटचा एक हिसका दिला, चाक सोडलं, मागे सरकून बघितलं.

मग माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाले, "डावीकडं पडलीस ना?"

म्हणलं हो.

"रस्ता कुठला होता?"

कर्वे रोड, नदीपात्र बंद आहे म्हणलं.

त्यांनी मान हलवली. घंटीवर अंगठा ठेवून बघितला, मग माझा हात धरून हँडलवर ठेवला आणि माझा अंगठा कुठवर पोचतो ते बघितलं. "ही लांब बसलीये तुला. पान्हा आण, दहाचा. बोटभर अलीकडं घेऊ."