हॉलिस्टर ते सान होजे: मोटारसायकल टोळ्यांच्या चित्रपटांच्या मागावर

लसणासाठी प्रसिद्ध असलेले गिलरॉय मागे पडले की २५ क्रमांकाचा महामार्ग शेतांमधून हॉलिस्टरला जातो. तुटपुंज्या पैशांत घाईघाईने काढलेल्या, मोटारसायकल टोळ्यांच्या ज्या अमेरिकन चित्रपटांवर माझे मनापासून प्रेम आहे, त्यांचे मूळ कॅलिफोर्नियातील या लहान गावात आहे. जुलै १९४७ मध्ये शर्यतींच्या निमित्ताने हजारो मोटारसायकलस्वार येथे जमले, त्यांतल्या काहींनी दारू पिऊन सान बेनिटो रस्त्यावर धिंगाणा घातला, आणि बाटल्यांच्या पसाऱ्यात मोटारसायकलवर बसलेल्या एका माणसाचे छायाचित्र ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापल्यावर त्या प्रकाराचा देशभर गाजावाजा झाला. तो रस्ता मी पायी फिरलो. दुतर्फा दुकाने असलेला, इतर कोणत्याही छोट्या गावात शोभेल असाच तो आहे.

या घटनेवरून सुचलेल्या कथेवर मार्लन ब्रँडोचा १९५३ चा ‘द वाइल्ड वन’ आधारलेला आहे, पण त्यातले गाव हॉलिस्टर नव्हे, तर स्टुडिओच्या आवारातले आहे. तो कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीचा चित्रपट होता. मला ओढ आहे ती त्याच्या गरीब भावंडांची, म्हणजे जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांच्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने काढलेल्या चित्रपटांची. ही कंपनी अनेकदा आधी नाव आणि जाहिरात ठरवी, कथा नंतर लिहून घेई, आणि एका तिकिटात दोन चित्रपट देऊन चित्रपटगृहांकडून मिळणारे दोन्हींचे भाडे स्वतःकडे ठेवी. या कंपनीसाठी दिग्दर्शक एडवर्ड कान यांनी १९५७ मध्ये मोटारशर्यतींवरचा ‘ड्रॅगस्ट्रिप गर्ल’ काढला आणि त्याच वर्षी, जवळपास त्याच कथेत मोटारींच्या जागी मोटारसायकली घालून, ‘मोटारसायकल गँग’ही केला.

संध्याकाळी सान होजेच्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे मोटारीत बसूनच चित्रपट पाहायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहात, मोटार उभी केल्यावर या चित्रपटांची घडण मला खऱ्या अर्थाने उमगली. आता आवाज मोटारीतल्या रेडिओवर येतो. त्या काळी खिडकीला अडकवलेल्या छोट्या ध्वनिक्षेपकातून येई. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक चित्रपटगृहे होती, आणि तिथे तरुण मुले घरच्यांच्या नजरेपासून दूर, गप्पा मारत, अर्धवट लक्ष देत बसत. अशा प्रेक्षकाला नाजूक संवादांपेक्षा इंजिनाची घरघर, चामडी जाकिटे आणि मोकळा रस्ता लगेच भिडणार, हे उघड आहे. म्हणून या चित्रपटांतला ढोबळपणा मला उणीव वाटत नाही. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी १९६६ मध्ये ‘द वाइल्ड एंजल्स’साठी खऱ्या हेल्स एंजल्स टोळीतली माणसे घेतली, तेव्हा याच ढोबळपणाला धार आली आणि त्यातल्या नायकाला, पीटर फोंडाला, ‘ईझी रायडर’ या गाजलेल्या मोटारसायकलपटाकडे नेणारी वाट खुली झाली.

त्या रात्री पडद्यावर अर्थातच नवा चित्रपट होता. जुलैतल्या एखाद्या रात्री, हॉलिस्टरहून तासाभराच्या या पडद्यावर, कान यांचा ‘मोटारसायकल गँग’ आणि कॉर्मन यांचा ‘द वाइल्ड एंजल्स’ हे दोन चित्रपट एकाच तिकिटात दाखवावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.